दोन जाळ्यांमधला दुभाषा

१८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. बोलणाऱ्या दोघांसाठी एक मार्ग पूर्ण वेळ राखून ठेवायचा, ही तेव्हाची रीत पुढे शतकभर टिकली. इंटरनेटची रीत निराळी. तेथे माहितीची लहान लहान पाकिटे करतात, प्रत्येकावर पत्ता असतो आणि एकाच मार्गावरून सर्वांची पाकिटे धावतात. १९७४ मध्ये अर्पानेटवर अशा पाकिटांतून आवाज पाठवण्याचे प्रयोग झाले. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून बोलण्याची आज्ञावली विक्रीस आणली. मात्र दोन्ही टोकांना संगणक लागे. घरोघरच्या टेलिफोनपर्यंत पोचायचे तर दोन्ही जाळ्यांची भाषा जाणणारा दुभाषा हवा. हे यंत्र म्हणजे गेटवे.

गेटवे निवडताना पहिला प्रश्न येतो तो मार्गांच्या संख्येचा. त्याचे उत्तर इंटरनेटहून कितीतरी जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर एरलांग यांनी १९१७ मध्येच ते सूत्ररूपात मांडले. समजा, एका संस्थेत ६० टेलिफोन आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येकावर सरासरी १० मिनिटे बाहेर बोलणे होते. एकूण ६०० मिनिटे, म्हणजे सरासरीने एका वेळी १० संभाषणे. मग १० मार्ग पुरतील का? नाही. लोक पाळी लावून फोन करीत नाहीत. एरलांगचे सूत्र सांगते, की १० मार्ग असतील तर सुमारे दर पाचवा फोन लागणार नाही. शंभरात एखादाच अडावा असे वाटत असेल, तर १८ मार्ग हवेत. न लागलेला फोन डॉक्टरांसाठीचाही असू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या गणिताचे मोल कळते.

दुसरा प्रश्न आवाज दाबून लहान करण्याचा. टेलिफोन जाळ्यात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून सेकंदाला ६४,००० बिट. १९९६ च्या जी-७२९ या पद्धतीने हे ८००० बिटांवर येते. म्हणजे आठपट बचत झाली का? तसे नाही. सेकंदाला ५० पाकिटे धरली, तर प्रत्येकात आवाज २० बाइटांचा आणि पत्ता वगैरे मजकूर ४० बाइटांचा! एकूण भरतात २४,००० बिट. न दाबलेल्या आवाजाला याच हिशेबाने ८०,००० बिट लागतात. बचत तिपटीहून थोडी अधिक, एवढेच.

तिसरा प्रश्न वेळेचा. बोललेले पलीकडे पोचण्यास सेकंदाच्या शंभरातील पंधरा भागांहून अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. विलंब वाढला की स्वतःच्याच शब्दांचा प्रतिध्वनी खटकू लागतो. म्हणून प्रतिध्वनी पुसणारी सोय गेटवेत असावीच लागते.

यंत्र मिळाले तरी कायद्याची संमती हवी. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, परंतु देशातील साध्या टेलिफोनशी ती जोडता येत नसे. ही वाट परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्ये मोकळी झाली.

शेवटचा प्रश्न सहज विसरला जातो. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तारेवाटे वीज मिळे, त्यामुळे घरातील दिवे गेले तरी तो चालत असे. गेटवेला स्वतःची वीज लागते. तेव्हा यंत्राच्या किमतीत बॅटरीचीही किंमत मिळवूनच तुलना केली पाहिजे.