भोर-वेल्ह्यातील आरोग्य समता : सरासरीत हरवणाऱ्या वस्त्या

पुणे जिल्हा आरोग्य सेवेच्या बाबतीत पुढारलेला मानला जातो. ससूनसारखे मोठे सरकारी रुग्णालय, अनेक वैद्यकीय महाविद्यालये, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, शेकडो खासगी दवाखाने, सगळे याच जिल्ह्यात आहे. याच जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला सह्याद्रीच्या डोंगररांगांत भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुके आहेत. या तालुक्यांच्या खोऱ्यांत गावठाणापासून दूर पडलेल्या बौद्ध वस्त्या, कातकरी पाडे, महादेव कोळ्यांच्या वाड्या आणि माथ्यावरचे धनगरवाडे आहेत. तेथील लोकांच्या आरोग्याची स्थिती नेमकी काय आहे, हे जिल्ह्याच्या आकडेवारीत शोधायला गेले तर सापडत नाही. ते का सापडत नाही आणि ते मिळवण्यासाठी समाजाला काय करता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

आरोग्य समता म्हणजे काय?

सर्वांना सारखेच औषध देणे म्हणजे आरोग्य समता नव्हे. वय वाढले की आजार वाढतात, त्यात अन्याय नाही. पण टाळता येण्यासारखा आजार किंवा मृत्यू एखाद्या समूहाच्या वाट्याला त्याच्या जातीमुळे, गरिबीमुळे किंवा राहण्याच्या ठिकाणामुळे अधिक येत असेल, तर ती विषमता ठरते. ब्रिटिश संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी आरोग्यातील विषमतेची ओळख तीन शब्दांत सांगितली आहे : अनावश्यक, टाळता येण्याजोगी आणि अन्याय्य. ब्रिटनमधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडलेला नियमही प्रसिद्ध आहे. जेथे आरोग्य सेवेची गरज सर्वांत जास्त, तेथेच चांगली सेवा सर्वांत कमी मिळते, असा त्याचा आशय आहे.

हा विचार बौद्धांना परका नाही. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खू तुझी शुश्रूषा का करत नाहीत, असे तथागतांनी विचारले. मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुऊन स्वच्छ केले आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा, अशी शिकवण संघाला दिली. ज्याचा कोणाला उपयोग नाही, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आरोग्य समतेचा प्रश्न आजही तेथूनच सुरू होतो.

आकड्यांत वेल्हे का दिसत नाही?

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती. त्यात भोर तालुक्याची १,८६,११६ आणि वेल्हे तालुक्याची ५४,५१६. म्हणजे जिल्ह्यातील दर हजार माणसांमागे वेल्ह्यातील माणसे सहासुद्धा भरत नाहीत.

समजा, जिल्ह्याचा बालमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे २३ आहे आणि वेल्ह्यातला दर त्याच्या दुप्पट, म्हणजे ४६ झाला. इतर तालुक्यांत काहीच बदलले नाही, तर जिल्ह्याचा आकडा २३ वरून फार तर २३.१ होईल. एका तालुक्यात बालकांचे मृत्यू दुप्पट झाले तरी जिल्ह्याच्या बैठकीत कोणाची भुवई उंचावणार नाही. यात कोणी आकडे लपवलेले नसतात. सरासरी काढण्याच्या रीतीतच हे घडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचेही तसेच आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ७०७ जिल्ह्यांत मिळून ६,३६,६९९ घरांची पाहणी झाली. एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी सुमारे ९०० घरे आली. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले तर त्यातली वेल्ह्याची घरे जेमतेम पाच होतात. प्रत्यक्षात हे सर्वेक्षण काही गावे आणि वॉर्ड निवडून होते. त्यामुळे वेल्ह्यातले एखादे गाव निवडले जाते किंवा एकही निवडले जात नाही. मग त्या तालुक्यातील बौद्ध वस्तीबद्दल किंवा कातकरी पाड्याबद्दल या सर्वेक्षणातून काही कळेल, अशी अपेक्षाच करता येत नाही.

लोकसंख्येचा निकष आणि चालण्याचे अंतर

सरकारी निकषानुसार सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र असते. डोंगरी व आदिवासी भागासाठी हे आकडे २०,००० आणि ३,००० आहेत. २०११ च्या लोकसंख्येला हा सवलतीचा निकष लावला तरी वेल्ह्यासारख्या तालुक्याला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रेही पुरती बसत नाहीत. उपकेंद्रे साधारण अठरा होतात. शंभराहून अधिक गावे आणि त्यांच्या विखुरलेल्या वाड्या यांना ही संख्या किती पुरेल, हे या खोऱ्यांत पायी फिरलेल्याला सांगावे लागत नाही.

म्हणूनच राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यात डोंगरी व दुर्गम भागासाठी वेळेचा निकष सुचवला आहे : वस्तीपासून सुमारे अर्ध्या तासाच्या चालीवर उपकेंद्र असावे. भोर-वेल्ह्यातील मागण्या याच निकषावर मांडल्या पाहिजेत. लोकसंख्येच्या निकषावर हा भाग नेहमीच हरणार.

मातामृत्यूच्या अभ्यासात ‘तीन विलंब’ ही मांडणी वापरतात. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी ती १९९४ साली मांडली. पहिला विलंब दवाखान्यात जायचे ठरवण्यात, दुसरा तेथे पोचण्यात आणि तिसरा पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. आपल्याकडे चर्चा बहुधा पहिल्यावरच थांबते आणि लोकांच्या अज्ञानाला दोष दिला जातो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, धरणाच्या फुगवट्यामुळे पलीकडच्या गावाला लांबचा वळसा पडतो, रात्री वाहन मिळत नाही. हा दुसरा विलंब आहे आणि त्याची जबाबदारी रुग्णावर टाकता येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पानशेत आणि वरसगाव ही धरणे वेल्हे तालुक्यात आहेत आणि पुणे शहराची तहान त्यांच्यावर भागते. भोरजवळच्या भाटघर धरणाचे पाणी नीरा कालव्यांतून पूर्वेकडच्या बागायती पट्ट्याला जाते. पाणी खाली जाते आणि गंभीर रुग्णालाही त्याच्या मागोमाग खाली पुण्याला न्यावे लागते. ज्या खोऱ्यांनी धरणांसाठी जमिनी दिल्या, त्यांनी अर्ध्या तासावर आरोग्य सेवा मागणे ही काही मेहेरबानीची याचना नव्हे.

जात मोजली तर काय दिसते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील पाच वर्षांखालील बालकांचा मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे अनुसूचित जमातींत सुमारे ५७, अनुसूचित जातींत ५६, इतर मागासवर्गीयांत ५१ आणि उरलेल्या समाजात ३९ होता. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात संगीता व्यास, पायल हाथी आणि आशीष गुप्ता यांचा नऊ राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यात दिसले. केवळ आर्थिक स्थितीतल्या फरकाने ही तफावत पूर्णपणे उलगडत नाही, हे त्यातले महत्त्वाचे निरीक्षण. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आपल्या सभांत नेहमी सांगितला जाणारा एक आकडा समजून वापरायला हवा. दलित स्त्री उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते, असे संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालाचा हवाला देऊन सांगतात. हा आकडा ‘मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा’ आहे, आयुर्मानाचा नाही. एखाद्या समाजात तरुण व मुले जास्त असतील, तर मृत्यूचे सरासरी वय आपोआप खाली येते. तफावत खरी आहेच. पण आकडा चुकीच्या नावाने सांगितला, तर समोरचा अधिकारी त्या एका चुकीवर आपला सगळा मुद्दा उडवून लावतो.

घाटाखालचे दोन धडे

भोरहून वरंध घाट उतरला की महाड तालुका लागतो. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो मानवी हक्काचा लढा होता आणि सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही मूलभूत होता, कारण पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवलेल्या समाजाला आरोग्य मिळू शकत नाही. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला.

त्याच घाटाच्या पायथ्याकडे बिरवाडी आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा अभ्यास सुरू केला. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने शेतात, पेंढ्यात, लाकूडफाट्यात हात घालणारी कष्टकरी माणसे आणि लहान मुले मरत होती. पाठ्यपुस्तकांत त्यावर खात्रीचा उपचार नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून मृत्यूचे प्रमाण अगदी थोड्यावर आणले. त्यांचे लेखन १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये आले. गरिबांच्या आजारावरचे संशोधन मोठ्या प्रयोगशाळेवाचूनही, खेड्यातील केंद्रात नेटाने नोंदी ठेवून होऊ शकते, हे त्यांनी दाखवले.

महाराष्ट्रात याची आणखी उदाहरणे आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के निव्वळ घट दिसली. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरातील आशा कार्यकर्तींच्या कामात ही पद्धत आली. या सगळ्या कामांची सुरुवात मोजणीपासून झाली होती.

आपल्या वस्तीची नोंद कशी ठेवावी?

विहार समिती, महिला मंडळ किंवा युवक मंडळाला एका वहीत पुढील नोंदी ठेवता येतील.

१. वस्तीपासून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रुग्णालय यांना पायी व वाहनाने लागणारा वेळ. उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा वेगवेगळा.

२. वर्षभरातील जन्म, मृत मूल जन्मल्याच्या घटना आणि सर्व मृत्यू, वय व कारणासह. जन्म-मृत्यूची खबर २१ दिवसांत ग्रामपंचायतीत द्यावी. नोंद न झालेला मृत्यू सरकारदरबारी घडलेलाच नसतो.

३. गरोदर स्त्रियांच्या तपासण्या किती झाल्या आणि प्रसूती कोठे झाली.

४. परिचारिका व आशा ताई वस्तीत महिन्यातून किती वेळा आल्या, घरात आल्या की रस्त्यावरूनच परतल्या.

५. पिण्याचे पाणी कोठून येते, टीसीएल पावडर टाकली जाते का.

६. एका आजारपणात खिशातून गेलेला खर्च. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी धरून.

एक काळजी घ्यावी. तीनशे माणसांच्या वस्तीत वर्षाला चार-पाचच जन्म होतात. त्यातून टक्केवारी काढू नये. अनेक वस्त्यांची तीन-चार वर्षांची नोंद एकत्र केली, तरच तुलना टिकते. कोणाचा आजार नावानिशी जाहीर करू नये आणि माहिती संमतीनेच घ्यावी.

नोंदींचा उपयोग कोठे होतो?

गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत, ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत या नोंदी मांडता येतात. महाराष्ट्रात २००७ साली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. लोकांनी गोळा केलेली माहिती जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे तेथे पैसे मागितले गेले तर तेही वहीत लिहावे. राज्यघटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका खटल्यात म्हटले आहे.

आणखी एक संधी समोर आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातींची गणना होणार आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५,३१,२०० लोकांनी धर्म बौद्ध नोंदवला होता. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. म्हणून धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात आपली अनुसूचित जात, अशी दोन्ही उत्तरे स्पष्ट द्यावीत. प्रगणकाने काय लिहिले ते वाचून पाहावे. एक रकाना रिकामा राहिला, तर आपल्या मुलाबाळांच्या आरोग्याचा हिशेब पुढची अनेक वर्षे दुसऱ्याच कोणाच्या सरासरीत मिसळून जाईल.