पेढीवरचा प्रश्न, वर्गांतलें उत्तर

व्यापार पेढीवर बसूनच शिकावयाचा, ही जुनी समजूत. ती बाजूस सारून अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें १९०८ सालीं व्यापारशिक्षणाची शाळा काढली. परंतु वर्गांतील विद्येला बाजाराचा कस लागावा कसा? १९१२ च्या सुमारास शिकागोचे प्रकाशक आर्च शॉ यांनीं त्याचा मार्ग दाखविला. एखादा व्यवसायी वर्गांत येऊन आपल्या धंद्यांतील खरी अडचण मांडी. विद्यार्थी तिच्यावर लेखी तोडगा सादर करीत. आणि नंतर तोच गृहस्थ येऊन त्या उत्तरांची चिकित्सा करी.

गुरूची शाबासकी मिळविणें एक वेळ सोपें; पण ज्याचें भांडवल पणास लागलें आहे, त्याचें समाधान करणें कठीण. आज देशोदेशींच्या व्यापारशाळांतील विद्यार्थी कंपन्यांना प्रत्यक्ष सल्ला देतात, तेव्हां ते याच परीक्षेस बसलेले असतात.