जनरेटर फिरतो, पण दिवा लागत नाही

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती. वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या गावी अशा वेळी कोपऱ्यातला जनरेटर बाहेर काढला जातो. कधी असे होते की इंजिन झकास चालते, पण दिवा लागत नाही. डिझेल आहे, तारा शाबूत आहेत. मग बिघडले काय?

उत्तरासाठी १८६६ सालात जावे लागते. तोवर जनित्रात कायमचे चुंबक तरी बसवत, नाहीतर विद्युतचुंबकाला बाहेरून वीज पुरवत. बर्लिनच्या वेर्नर सीमेन्सने दाखवले, की लोखंडी गाभ्यात मागे उरलेले क्षीण चुंबकत्वही आरंभाला पुरते. त्यातून थोडी वीज, त्या विजेने अधिक चुंबकत्व, त्यातून आणखी वीज! इंग्लंडात व्हीटस्टन आणि व्हार्ली हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेथे पोचले. आधी चुंबक की आधी वीज, हे कोडे वर्गात जरूर घालावे.

आजही पुष्कळ घरगुती जनित्रे ह्याच शिल्लकीवर सुरू होतात. यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिले, की ती कधी कधी फारच घटते. जाणता मेकॅनिक मग धन-ऋण टोके पाहून चुंबकाच्या गुंडाळीला क्षणभर बॅटरी जोडतो. (घरी हा प्रयोग नको.) शेतावरचे इंजिन हंगामात रोज चालते, त्याचे दुखणे चटकन कळते; घरच्याचे कळते ते पुरात. म्हणून महिन्यातून एकदा, उघड्यावर, अर्धा तास दिवे-पंखे जोडून ते चालवावे. स्टार्टरची बॅटरीही त्यात भरून निघते.