वखार, थप्पी आणि खांब : ठाणे-कल्याण परिसरातील साठवणीविषयी एक टिपण

साठवणीच्या इतिहासात इमारतींचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु इमारतीच्या आत माल कशाच्या आधारे उभा राहतो आणि त्या आधारावर कोणाची नजर असते, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. प्रस्तुत टिपणात ठाणे, कल्याण व भिवंडी या टापूच्या संदर्भात तो प्रश्न घ्यावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याचा मार्ग शब्दांवरून जातो.

कल्याण बंदराचा उल्लेख 'पेरिप्लस'मध्ये आहे आणि कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणच्या दात्यांची नावे येतात. जेथे बंदर तेथे साठवण आलीच. मराठीत तिच्यासाठी रूढ झालेला शब्द 'वखार' होय. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरला इंग्रजांची वखार लुटली, तेथे या शब्दाचा अर्थ व्यापारी ठाणे असा आहे. आज बोलण्यात तो मुख्यत्वे लाकडाच्या वखारीपुरता उरला असून, राज्य वखार महामंडळाच्या नावात त्याला सरकारी आश्रय मिळाला आहे. एरवी सर्वत्र 'गोदाम' किंवा 'गोडाऊन'.

साठवणीच्या देखरेखीचा एक महत्त्वाचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सापडतो. किल्ल्यावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, तेथे ओल लागू नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करावी, असे तेथे सांगितले आहे. तपासणीस मुदत आहे आणि तपासणाराचा हुद्दाही निश्चित आहे, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

धान्याच्या गोदामात मात्र निराळी विद्या चाले. पोत्यांची थप्पी लावताना एक थर उभा, तर त्यावरचा आडवा, अशी सांधेमोड करावी लागते. वर जाताना थप्पी किंचित आत घ्यावी लागते. येथे वरच्या पोत्याचा भार खालचे पोतेच पेलते. थप्पी कलू लागली की ती डोळ्यांना दिसते, आणि मुकादमाची एक हाक टोळीला बाजूला करते. माथाडी कामगारांचे हे ज्ञान कोठे लिहिलेले नव्हते; पण ते त्यांच्याच भाषेत होते.

१८५३ मध्ये रेल्वे ठाण्यास आली व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली. तथापि आजच्या गोदामांचे केंद्र कल्याणात नसून उल्हास नदीपलीकडे भिवंडीच्या आसपास, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांत वाढले. मुंबईची जकात हे त्याचे एक मोठे कारण. माल हद्दीबाहेर ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा, हा साधा हिशेब होता. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, गोदामे राहिली. नव्या गोदामांची उंची वाढली आणि थप्पीच्या जागी पोलादी रॅक आले.

या बदलात भार पेलण्याचे काम मालाकडून खांबाकडे गेले. रॅक म्हणजे घरातली मांडणी नव्हे. त्याचे खांब पातळ पत्र्याचे, घडी घालून बनविलेले असतात. आडव्या तुळया त्यांच्या खाचांत अडकवून त्यांना खिटी लावतात. बारीक खांबाची निराधार लांबी दुप्पट झाली तर वाकण्यापूर्वी पेलण्याची त्याची शक्ती चौथाईवर येते, हे ऑयलरने अठराव्या शतकातच दाखविले होते. उंच पेटी मावावी म्हणून खालची तुळई दोन खाचा वर चढविली, की भिंतीवरील भारफलकाचे आकडे त्याच क्षणी निरुपयोगी होतात. माल तितकाच असतो, रॅकही तोच दिसतो. फोर्कलिफ्टची ठोकर बसलेला खांबही पुष्कळदा दिवसचे दिवस उभा राहतो. आणि तो गेला तर शेजारच्या ओळींना ओढून नेऊ शकतो.

युरोपीय मानक ईएन १५६३५ मध्ये यासाठी एक मीटरची सरळपट्टी सांगितली आहे. खांब तुळईच्या दिशेने ५ मिलिमीटरपेक्षा, अथवा तिरप्या गजांच्या दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा अधिक वाकला असेल, तर तो सदोष. दोष मर्यादेच्या दुपटीहून अधिक असल्यास माल तत्काळ उतरवावयाचा. वाकलेला खांब ठोकून सरळ करणे हा उपाय नव्हे; तो बदललाच पाहिजे. तज्ज्ञाची तपासणी निदान वर्षातून एकदा, आणि गोदामात रॅकसाठी जबाबदार असा एक माणूस नेमलेला. अमात्यांचा हवालदार येथे पुन्हा भेटतो म्हणावयास हरकत नाही.

परंतु ठोकर प्रथम दिसते ती ज्याच्या हातून बसली त्याला, किंवा त्याच्या शेजारच्याला. त्याने ती सांगितली नाही तर वार्षिक तपासणी फार उशिरा येते. भिवंडीजवळच्या एका गोदामात मी पाहिलेला तपासणीचा छापील तक्ता संपूर्ण इंग्रजीत होता. त्याच रांगेत काम करणाऱ्या मुरबाडकडच्या एका कामगाराने मात्र बोट दाखवून सांगितले, "सर, या खांबाला पोक आलंय." तक्त्यातील कोणत्याही रकान्यापेक्षा हे वर्णन अचूक होते, पण ते लिहिण्याची जागा तेथे नव्हती. परिभाषा कोशांतूनच घडवावी लागते असे नाही. ठोकरीने पत्रा आत गेला तर पोचा, खांब लांबीत वाकला तर पोक, फिरला तर पीळ, सांध्याचे जोडकाम उकलले तर चीर : हे चार शब्द त्या गोदामात, कोणीही न शिकविता, वापरात होते.