हुतूतू न सोडलेल्या पोरी

लहानपणी आपण सगळ्याच अंगणात हुतूतू खेळलो. मोठ्या झालो आणि ‘पुरे आता’ म्हणून खेळ सुटला. ज्यांनी तो सोडला नाही, त्यांची ही गोष्ट.

बायकांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ साली कलकत्त्यात झाली. आपल्या राज्य स्पर्धेत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडच्या पोरींचा ‘मुंबई उपनगर’ हा वेगळा संघ उतरायचा. चढाईला आलेलीचा घोटा धरायचा, हातात हात घालून साखळी करायची आणि तिला मध्यरेषेला शिवू द्यायचं नाही. हे एकटीचं काम नाही.

आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, बायकांची २०१० साली. वीस वर्षं थांबावं लागलं, पण आपल्या मुलींनी पहिल्याच वेळी सुवर्ण आणलं. २०१२ साली पाटण्यात पहिला महिला विश्वचषकही जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये दिले.

‘खेळून काय मिळणार?’ असं घरात कुणी विचारलं, तर हे सांगूया. आणि पोरगी संध्याकाळी मैदानावर निघाली, तर तिच्या वाटणीचं पाणी तेवढं आपण भरूया.