लेबलावरचे फळ आणि खोक्यातला इतिहास

नाशिक जिल्ह्यातून द्राक्षांचे खोके बाहेर पडतात तेव्हा त्यांवर रसरशीत घडाचे रंगीत चित्र आणि ठसठशीत व्यापारी नाव असते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे संत्री-बागायतदारही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या लाकडी पेट्यांवर अशीच लेबले चिकटवीत. विसाव्या शतकाच्या मध्याला पुठ्ठ्याचे खोके आले आणि ही लेबले बाजारातून गेली. बेन साकोगुची या चित्रकाराने मात्र तीच चौकट उचलली आणि तिच्यात अमेरिकेच्या लाडक्या खेळाची काळी बाजू रंगवली.

'शंभरावर चित्रांतून बेसबॉलचा अनधिकृत इतिहास' अशा अर्थाच्या शीर्षकाची त्यांची ही चित्रमालिका २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शित झाली. प्रत्येक चित्र म्हणजे एक काल्पनिक लेबल. वरवर पाहता रंग, अक्षरे आणि संत्री जाहिरातीला शोभणारी. विषय मात्र वंशद्वेष, लबाडी, पैसा आणि उत्तेजक द्रव्यांचा.

छावणीतले बालपण

साकोगुची यांचा जन्म १९३८ चा, कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचा. दुसऱ्या महायुद्धात जपानशी युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच होते. साकोगुची कुटुंबाची रवानगी ॲरिझोनातील पोस्टन छावणीत झाली. काटेरी तारांच्या आतही या लोकांनी मैदाने तयार केली आणि बेसबॉलचे सामने खेळले. ज्या देशाने त्यांना परके ठरवले, त्याच देशाचा राष्ट्रीय खेळ ते खेळत होते.

खेळाच्या पोटातले

या मालिकेला विषय पुरवणारा इतिहास मोठा आहे. १९१९ च्या अंतिम मालिकेत सट्टेबाजांशी संगनमत केल्याच्या आरोपावरून शिकागो व्हाइट सॉक्सच्या ८ खेळाडूंवर १९२१ मध्ये आजन्म बंदी आली. न्यायालयात मात्र ते निर्दोष सुटले होते. १९२० मध्ये रे चॅपमन हा खेळाडू डोक्याला चेंडू लागून मरण पावला. कृष्णवर्णीयांना प्रमुख स्पर्धांचे दरवाजे अनेक दशके बंद होते. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा ते उघडले. तोवर कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपल्या वेगळ्या स्पर्धा उभारल्या होत्या. डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालात तर ८९ खेळाडूंची नावे उत्तेजकांच्या संदर्भात आली.

आपल्या मैदानावरचे मडके

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून द्यावे, अशी स्थिती नाही. बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवले की महाराष्ट्राच्या इतिहासातही असे चित्र सापडते.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करता करता ते इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. त्यांची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळवले. मैदानात त्यांनी हाताळलेल्या चेंडूचा विटाळ कोणाला होत नसे. चहाच्या वेळी मात्र ते तंबूबाहेर उभे राहत आणि त्यांना चहा मिळे तो वापरून फेकण्याच्या मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळे.

पुढे ते मुंबईत आले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले, त्या विजयात त्यांचा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी देण्यात आले नाही. १९२० मध्ये याच प्रश्नावर त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेऊन निषेध नोंदवला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे नेतृत्व आले आणि त्यांच्या संघाने ती स्पर्धा जिंकली.

कर्णधार चालतो, दर्शन नाही

यानंतर सातच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत आणि हा लढा पुढे काही वर्षे चालला. 'हिंदू' नावाच्या संघाचे नेतृत्व अस्पृश्य मानलेल्या घरातला खेळाडू करू शकत होता; हिंदूंच्या देवळाची पायरी चढणे मात्र त्याच्या बांधवांना मना होते. मैदानावरचा विजय मैदानाच्या हद्दीतच संपत होता.

पालवणकर बंधूंची कथा पुढेही सरळ रेषेत गेली नाही. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील इंग्रजी ग्रंथाने या कुटुंबाची कथा नव्या वाचकांपुढे आणली.

लेबलच का?

फळाच्या लेबलावर गोडव्याखेरीज काही लिहिलेले नसते. बाग कोणाच्या श्रमावर उभी राहिली, हे त्यावर छापत नाहीत. खेळाच्या जाहिरातीचेही तसेच असते. साकोगुची यांनी लेबलाचा हाच गोड चेहरा कायम ठेवला आणि त्यावर लपवलेला मजकूर लिहिला. निषेधाचे फलक वाचून पुढे जाणारा प्रेक्षकही ओळखीच्या, आकर्षक लेबलापाशी थांबतो आणि मग त्याला आतले दिसते.

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने रंगले आहेत आणि खोक्यांवरची द्राक्षे तर इथली ओळखच. त्या लेबलावर घडाशेजारी चहाचे एक मातीचे भांडे काढले, तर चित्राखाली नाव लिहिण्याची गरज उरू नये.