मेडशीचा घाटमाथा

वऱ्हाडाचे जुने दोन भाग म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला सखल पाईनघाट आणि त्याच्या दक्षिणेचे पठार, बालाघाट. या दोहोंमधल्या डोंगराळ पट्ट्यात मेडशी आहे. आज वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात असलेले हे गाव पातूरचा घाट चढून आल्यावर लागते. येथील डोंगर बेसाल्टचे, माती पातळ, पाणी न थांबणारे. त्यामुळे शेती आणि वस्ती दोन्ही विरळ राहिली. काटेपूर्णा उत्तरेला वाहत पूर्णेमार्गे तापीला मिळते, तर दक्षिणेकडच्या पैनगंगेचे पाणी अखेर गोदावरीत जाते.

वस्ती थोडी असली तरी वर्दळ जुनी आहे. घाटाच्या पायथ्याशी पातूरला डोंगरात कोरलेली लेणी आहेत. पठारावरचे वाशीम, म्हणजे वत्सगुल्म, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. 1939 मध्ये तेथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले आणि वाशीम हे त्या सुभ्यातील एक सरकार झाले.

या मुलखाचा वारसा केवळ राजधान्यांत शोधणे अपुरे आहे. घाटांवरून माल खरा चालवला तो बंजाऱ्यांच्या तांड्यांनी. गाडी न जाणाऱ्या वाटांवर लदलेले बैल धान्य आणि मीठ वाहत. सैन्यांची रसदही त्यांच्यावर अवलंबून असे. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला आणि बैलांवरची दूरची वाहतूक ओसरत गेली. अनेक तांडे जिल्ह्यात शेतीवर स्थिरावले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे समाधिस्थान देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. लेण्यांइतकेच महत्त्व या माणसांच्या इतिहासाला मिळायला हवे.

आता अकोला–नांदेड राष्ट्रीय महामार्ग 161 मेडशीवरून जातो. डोंगरात भटकणाऱ्यांसाठी जवळचे मोठे जंगल काटेपूर्णा अभयारण्याचे. 1988 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अकोला आणि वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. साग आणि इतर पानझडी झाडांच्या या रानात चौसिंगा व भेकर आढळतात, तर महान येथील धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात.